मोंढ्यात तोललेले ब्रेक

सही मी करणार नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, मागून कुणी म्हणायला नको की खाजा ब्रेकवाल्याची पोरगी घाबरली व्हती.

कागद शिवमूर्ती सर टाइप करूनच घेऊन आलते. ‘खाजा ब्रेक लायनिंग, लातूर यांच्या चुकीच्या कामामुळे श्री. शिवमूर्ती यांच्या गाडीच्या चारही ब्रेक डिस्क निकामी झाल्या, हे आम्हांस मान्य आहे.’ खाली सहीसाठी रेघ. माझ्या रिव्हेटच्या डब्यावर तो कागद ठेवून सर म्हणले, “सही कर सुमय्या, विषय संपला. तुझ्याकडून एक रुपया घेणार नाही. चोवीस लाख मीच घालतो.”

“चोवीस लाखाचे ब्रेक?” बाजेवर पडलेले अब्बा उठून बसले. “इतक्यात तर तीन जीपा येत्यात की ओ सर!”

“चार डिस्क आणि पॅड मिळून. साधं लोखंड नाही ते चाचा, कार्बन सिरॅमिक आहे.”

शिवमूर्ती सर म्हंजे फिजिक्सच्या क्लासवाले. गावात कुठंबी मान वर करा, फलकावर त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो दिसतोय. भूकंपानंतर चार-पाच सालानं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पहिली बॅच काढली, तवा मी दुसऱ्या बाकावर बसायचे. आता चार मजली इमारत हाय, दोन हजार पोरं हायेत, पोरांच्या बसा हायेत, आन् दुकानापुढं उभी केलेली ही पिवळी गाडी हाय. इतकी बुटकी की खालून मांजर जायचं न्हाई.

सहा महिन्यांखाली मी तिचे पॅड बदलले. पॅड बी माझे न्हाईत, सरांनीच बाहेरून मागवलेले, खोकं अजून माझ्या फळीवर हाय. पुढं ब्रेक किंचाळायला लागले. मी तवाच सांगितलं, सर, ही जात थंड असली की वरडती, तापली की गप बसती. आन् लातुरात ती तापणार कुठं? दर शंभर पावलांवर गतिरोधक! पर सरांनी गाडी कॅरिअरवर घालून हैदराबादला पाठवली. तिथं कुणीतरी डिस्कावर नुसती नजर फिरवली आन् चार ओळी लिहून दिल्या: गावठी कामानं डिस्का खराब झाल्यात, चारी बदला. गाडी विकताना कंपनीनं म्हणे सांगितलेलं की लाख-दीड लाख किलोमीटर डिस्कांची चिंता न्हाई. चालली सगळी एकवीस हजार.

सरांनी त्या चार ओळी पालकांच्या ग्रुपवर टाकल्या, माझ्या दुकानाच्या नावासकट. दोन दिवसांत त्यांच्या बसा माझ्याकडं यायच्या बंद झाल्या. जळकोटचा भागवत, ज्याच्या जीपेचे ब्रेक आमच्याकडं बारा वर्षं होत्यात, त्यानं तर कहरच केला. चाक खोललेलं व्हतं, ते तसंच बसवायला लावून जीप घेऊन गेला. माझ्या तोंडाकडं बघितलं बी न्हाई. लई लागलं मला ते.

“पैसे तुम्हीच घालणार, मग कागद कशाला पायजे?” मी विचारलं.

“ग्रुपवर लोक पुरावा मागतायत. आणि हे बघ, पाटी उतरव. पन्नास-पन्नास पोरं बसमध्ये असतात. ब्रेकचं काम आहे, खेळ नाही.”

पाटी उतरव म्हणे! ती पाटी अब्बांनी स्वतःच्या हातानं रंगवलीय. किल्लारीच्या भूकंपावेळी मदतीचे ट्रक रांगेनं दुकानापुढं उभे राहायचे. अब्बांनी सात दिवस शटर खाली घेतलं न्हाई, ब्रेकचे लायनर ठोकत बसले. मी तेरा वर्षांची व्हते, रिव्हेट हातात द्यायचे. त्या हातांना आता कंप हाय. चहाची बशी बी धरता येत न्हाई.

आन् तेच अब्बा मला म्हणले, “कर दे सही, बेटा. मोठी माणसं हायेत. बला टळंल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांचा राग कमी आन् अब्बांचाच जास्ती आला, खरं सांगते. मी पाना उचलला.

“सर, वर्गात तुम्ही फळ्यावर काय लिहायचे? आधी मोजा, मग बोला. तुमच्या डिस्का कुणी मोजल्या?”

“हैदराबादला मोजल्या असतील.”

“असतील? म्हंजे तुम्ही बघितलं न्हाई. कागदावर आकडा हाय का एखादा? चार ओळी हायेत, आकडा एक न्हाई.”

सर मोबाइलवर त्या चार ओळी पुन्हा वाचायला लागले. मी चारी चाकं खोलून डिस्का काढायला घेतल्या.

साधी लोखंडी डिस्क झिजली की पातळ होती, तिची जाडी मोजायची. ही तशी न्हाई. ही भट्टीत भाजलेली असती. जास्ती तापली की आतला कार्बन जळून जातोय, जाडी तितकीच दिसती, वजन तेवढं उतरतं. म्हणून डिस्काच्या मधल्या भागावर दोन आकडे कोरलेले असत्यात: नवी असतानाचं वजन, आन् ज्याच्या खाली गेली की फेकून द्यायची ते वजन. पॅड बदलताना मी ते बघून ठेवलेलं. सरांना बोट लावून दाखवलं. पुढच्या डिस्काचे आकडे व्हते सहा हजार तीनशे साठ आन् सहा हजार एकशे वीस ग्रॅम.

“चला मोंढ्यात,” मी म्हणले. “केवळाबाईच्या काट्यावर कमी भरल्या तर सही बी करते आन् पाटी बी उतरवते.”

“या अल्ला,” अब्बा पुटपुटले. पर माझ्याबरोबर निघाले.

केवळाबाई मोंढ्यात शेतमाल तोलणारी मापाडी हाय. नवरा गेल्यावर त्याचा बिल्ला तिला मिळाला, त्याला वीस साल झाले. तिनं पुकारलेलं वजन शेतकरी मानतोय आन् आडत्या बी मानतोय. सरांचा बाप तूर घेऊन यायचा तो तिच्याच काट्यावर, म्हणून सरांनाबी न्हाई म्हणता येईना. हळदीचे नमुने तोलायला तिच्याकडं लहान काटा हाय, ग्रॅम दाखवणारा. आम्ही पोचलो तवा दुपारचा सौदा सुटलता. हमाल, आडते, जीपवाले, सगळी गर्दी भवती जमली. तिच्यात भागवतबी व्हता, मान खाली घालून.

“हे काय आणलंस गं पोरी? काळं जातं का काय?”

“ब्रेक हाय मावशी. चोवीस लाखाचे चार.”

“अगं बाई! मग सोन्याच्या दुकानात जायचं की!”

माणसं हसली. डिस्क घासू नये म्हणून मी पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून आणलती. तशीच काट्यावर ठेवली. केवळाबाईनं आकड्याकडं बघितलं, ओठ हलवले आन् मोंढाभर ऐकू जाईल असं पुकारलं, “लाभ! सहा किलो पन्नास!”

पहिल्या मापाला ती एक म्हणत न्हाई, लाभ म्हणती. मला कसला लाभ!

“सहा हजार पन्नास,” सर सावकाश म्हणले. “सत्तर ग्रॅम कमी. मोजलं ना आता?” त्यांनी खिशातून तो कागद आन् पेन काढून माझ्यापुढं धरले.

अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पेन घेतला. बोलले व्हते ना मी, सगळ्यांदेखत. मान खाली घातली आन् नजर गेली ती काट्यावरच्या पोत्यावर.

“मावशी, काट्यावर किती दिसायलंय?”

“साडेसहा आन् पन्नास.”

“मग सहा-पन्नास कुठून आणलं?”

“बारदाना वजा केला की! पोत्यात माल आला की अर्धा किलो वजा. वीस साल झालं, तुला आज कळलं व्हय?”

“ओ मावशी, हे अख्खं पोतं हाय का? चिंधी हाय ही!”

केवळाबाईनं पोत्याचा तुकडा बोटांनी चाचपला. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. “मेली सवय माझी! उघडी कर गं, उघडी कर.”

मी डिस्क उघडी करून ठेवली. केवळाबाईनं ह्या वेळी काटाच फिरवून सरांपुढं केला. “तुम्हीच वाचा मास्तर. मी न्हाई बोलत.”

सर वाकले. आकडा मनातच वाचला.

“मोठ्यानं वाचा,” मी म्हणले.

“सहा हजार तीनशे दहा.”

मोंढ्यात एकच कालवा झाला. कुणीतरी शिट्टी मारली. मी दुसरी ठेवली, तिसरी ठेवली, चौथी ठेवली. चारी पास. सरांचं तोंड उतरलं, पर माणूस शेवटी मास्तरच. न राहवून बोटांवर मोजत पुटपुटले, “एकवीस हजार किलोमीटरला पन्नास ग्रॅम... शिल्लक एकशे नव्वद... म्हणजे अजून ऐंशी हजार.”

“जाऊ दे सुमय्या,” मग ते हळूच म्हणले. “गैरसमज झाला. ग्रुपवरचा मेसेज काढून टाकतो.”

“काढून टाकता? असं न्हाई चालायचं सर. बदनामी चारचौघांत आन् माफी कानात?”

मी त्यांचाच कागद काट्यावर पसरला. त्यांनी टाइप केलेल्या ओळीवर आडवी काट मारली. तिच्याखाली चार डिस्कांची चार वजनं लिहिली आन् लिहिलं, ‘डिस्का चांगल्या आहेत, खाजा ब्रेक लायनिंगचं काम बरोबर आहे.’ सहीची रेघ तयारच व्हती. पेन सरांच्या हातात दिला.

सरांनी गर्दीकडं बघितलं. केवळाबाईकडं बघितलं. मग सही केली. तारीख बी टाका, मी म्हणले, तर तारीख बी टाकली. तिथंच उभं राहून कागदाचा फोटो ग्रुपवर पाठवला. माझ्या फोनवर येईपर्यंत मी त्यांना हलू दिलं न्हाई.

“आता तरी बसवशील ना?” सर म्हणले. “चारला माझी बॅच आहे.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अब्बा पुढं झाले. मघाशी मला ‘कर दे सही’ म्हणलेले माझे अब्बा. त्यांनी गर्दीतून भागवतला थरथरत्या हातानं धरून वढलं आन् सरांपुढं उभं केलं.

“तुमची गाडी उद्या, सर,” अब्बा म्हणले. “आज ह्याची जीप लागंल. ह्याच्या चाकाचं काम आमच्याकडं अर्धं ऱ्हायलंय.”