पांढऱ्या पानावर चाललेली कात्री

मित्रांनो, माझ्या दांड्यांवरचा लाल रंग उडाला आहे आणि स्प्रिंगही एकदा बदलली आहे, पण पात्याला अजून धार आहे. मी निफाडकडच्या द्राक्षबागेतली छाटणीची कात्री. थोडी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकते.

चौदा वर्षे मी गोरक्षआबांच्या हातात होते. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, हजारो काड्या. काडीवर जिथून नवी फूट निघते, त्या बारीक फुगवट्याला डोळा म्हणतात. कोणत्या डोळ्यावर काप घ्यायचा, हे आबा अंगठ्याने चाचपून ठरवत. "ही कात्री कोणाला द्यायची नाय," असे ते सगळ्यांना बजावत. पुढे बॅटरीवरची कात्री आली आणि मी खिळ्याला लटकले. तिथून त्यांच्या मुलीने, योगिनीने, मला नाशिक रोडच्या फ्लॅटवर नेले.

योगिनीला दुर्मीळ झाडांचे भारी वेड. खिडकीपाशी नुसत्या कुंड्याच कुंड्या. पण तिचा जीव होता एकाच झाडात, पांढऱ्या मॉन्स्टेरात. त्याचे अर्धे पान हिरवे, अर्धे दुधासारखे पांढरे. एका कांडीपासून तिने ते तीन वर्षे वाढवले होते. दर रविवारी ती एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. नवे पान आले की आबा सोडून सगळ्यांना फोटो पाठवायची. त्यांना यातले काय कळणार, असे तिला वाटे.

मार्चमध्ये द्राक्षे उतरली आणि आबा दाढ काढायला तिच्याकडे आले. सकाळी त्यांनी झाड पाहिले.

"हे पांढरं काय गं?"

"नंतर सांगते, आबा," हेल्मेट घालत ती म्हणाली आणि ऑफिसला गेली.

द्राक्षवाल्याला पानावर पांढरे दिसले की आठवते ती भुरी, बागेला लागणारा बुरशीचा रोग. भुरी असली की बोटाला पांढरी भुकटी लागते, म्हणून एरवी आबा पान अंगठ्याने चोळून पाहिल्याशिवाय कापत नाहीत. त्या दिवशी दाढ ठणकत होती. "पोरीचं झाड जाईल," असे पुटपुटत त्यांनी मला उचलले. पाच पाने आणि शेंडा मी सटासट उतरवला. धार दाखवायची हौस मलाही होतीच. रोगट पान जवळ ठेवायचे नसते, म्हणून त्यांनी सगळे पिशवीत भरून घंटागाडीत टाकले. कुंडीत एक दांडी उरली आणि बुडाशी एक हिरवे पान.

संध्याकाळी योगिनी दारातच थबकली.

"भुरी आलती. साफ केली," आबा कौतुकाने म्हणाले.

"आबा, ती भुरी नव्हती. ते झाड तसंच असतं. म्हणून तर लावलं होतं मी."

ती रडली नाही, जेवलीही नाही. आबांनीही ताट सरकवले. दाढ दुखती, म्हणाले. दाढ तर दुपारीच काढून झाली होती.

सकाळी ते कुंडीपाशी बसले. अंगठा दांडीवरून हळूहळू फिरत होता.

"पोरी, इथं पांढरी रेघ हे. रेघेवरचा डोळा जित्ता हे. खालचा फुटला तर निस्तं हिरवं येईल. याच्या वर काप घे."

"तुम्हीच घ्या."

"नाय. मी नाय धरणार आता तिला."

ते ऐकून मला फार वाईट वाटले. योगिनीने मला स्पिरिटने पुसले, काप घेतला आणि वर दालचिनीची पूड लावली.

"झाडाला मसाला?"

"बुरशी लागू नये म्हणून, आबा." या वेळी तिने सगळे नीट सांगितले. बापलेक तासभर बोलत बसले.

आबा गावी गेले. रोज सकाळी फोन यायचा, "डोळा फुगला का?" कितीतरी दिवस उत्तर एकच होते, नाही. मे महिन्यात एकदा ती म्हणाली, "आबा, या."

मित्रांनो, मी तर हात नेईल तिथे चालते. म्हणून कापण्याआधी विचारत जा. आणि कोणी विचारले, तर नंतर सांगते म्हणू नका. या म्हातारीचे एवढे ऐका.

आबा आले तेव्हा नवे पान उलगडत होते. अर्धे नाही, बोटभरच पांढरे होते. चोळून पाहायला त्यांचा अंगठा पुढे गेला आणि मध्येच थांबला. हात पाठीमागे घेत त्यांनी विचारले, "हात लावू का गं?"

"लावा ना."

आबांनी ते पांढरे अलगद चोळले, बोट उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "पक्कं हे."