अभ्यासिकेतली सही

बँकेत मी एकतीस वर्षं सह्या जुळवल्या. चेकवरची सही आणि कार्डावरची सही, एवढंच काम. त्यामुळे कोणी गोड बोललं की मला आधी त्याची सही बघावीशी वाटते. माझी बायको श्यामला म्हणते, "तुम्ही देवाकडेही प्रसादाची पावती मागाल." मागितली तर बिघडलं कुठे?

आमच्या स्पृहाला नीटमध्ये अठ्ठावीस मार्क कमी पडले आणि मेडिकल हुकलं. तिने एक वर्ष मागितलं. मी दिलं, पण अटीवर. कसब्यातल्या अभ्यासिकेत सकाळी सात ते एक बसायचं, दांडी मारलीस तर सरळ बीएस्सी. "चालेल," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला तिथेच शंका आली.

महिन्याभरात शंकेला पाय फुटले. पोरीच्या ओढणीला डेटॉलचा वास येऊ लागला. विचारलं तर म्हणे, तिथे फरशी पुसतात. एकदा तिच्या चपलेच्या तळव्याला कांद्याची सालं चिकटलेली दिसली. अभ्यासिकेत कांदे कोण सोलतं?

मग मी स्वतःच तिथे जाऊन हजेरीची वही मागितली. रोज सात वाजता स्पृहाची सही होती. अक्षर हुबेहूब होतं, पण खालची रेघ खोटी. आमची स्पृहा रेघ उजवीकडून डावीकडे ओढते, आणि पेन टेकतं तिथे शाई दाट उतरते. इथे ती डावीकडे दाट होती. मागच्या टेबलावर तिची मैत्रीण वल्लरी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती, आणि पुस्तक उलटं नव्हतं एवढंच.

"कुठे जाते ती?"

"काका, मार्केट यार्डात. दवाखान्यात. दहापर्यंत येते परत, खरंच."

दवाखाना कशाला? हिला काही झालंय का? की तिथे कोणी भेटतंय? दुसऱ्या दिवशी बीएस्सीचा फॉर्म खिशात घातला आणि तिच्या मागच्या बसने निघालो.

कांद्याच्या गाळ्यांमधून वाट काढत होतो, तेवढ्यात एक हमाल मागून धावत आला. ज्ञानदेव त्याचं नाव, ते नंतर कळलं. त्याच्या हातात माझी डावी चप्पल होती.

"काका, चप्पल मागंच राहिली की तुमची."

अंगठा सैल झाला असेल, मी म्हणालो. त्याने अंगठा ओढून पाहिला. घट्ट होता. तरी पुन्हा निघेल म्हणून मी ती हातातच घेतली.

हमालांचा दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. डॉक्टरीणबाई टेबलाशी होत्या आणि आमची कन्या जमिनीवर बसून एका म्हाताऱ्या हमालाच्या तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवत होती. त्याचे डोळे मिटलेले.

"हाय, लागतोय," तो म्हणाला. दोरा सरकला. "हाय."

तिने मान वर केली आणि मला पाहिलं. घाबरली नाही. मला त्याचाही राग आला.

"डॉक्टर व्हायचंय म्हणतेस आणि इथे हमालांचे पाय धरून बसतेस? खोट्या सह्या करवून?"

"तीन तासच, बाबा. बाकीचा दिवस अभ्यासच करते. तुम्हाला विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

मी फॉर्म काढून टेबलावर ठेवला. तिने तो पाहिला आणि तिचे डोळे भरून आले, पण ती माझ्या हातातल्या चपलेकडेच बघत होती.

"ही हातात का?"

"वाटेत निघाली. एका हमालाने आणून दिली."

"निघाली ते कळलं नाही?"

तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. मला साखर आहे, नऊ वर्षं झाली, गोळी घेतो, त्यात काय एवढं.

"बसा. डोळे मिटा. दोरा लागला की हो म्हणा," स्पृहा म्हणाली.

नाटक आहे, मी मनाशी म्हणालो, फॉर्मवरून लक्ष उडवायचं. तरी बसलो, डोळे मिटले. उजव्या पायाला तीनदा हो म्हणालो. मग तिने डावा पाय हातात घेतला. मी वाट पाहिली. बाहेर हातगाडी गेली, कोणी शिंकलं. पोरगी नुसती बसून राहिली असावी.

"लाव की. मला फसवू नकोस, स्पृहा."

मी डोळे उघडले. दोरा माझ्या अंगठ्यावर टेकलेला होता, दाबून पार वाकलेला.