लंडनहून येणारा मामा

मनोहरराव मास्तर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पृथ्वी फिरते हे नागपूरच्या दोन पिढ्यांना त्यांनी छडीनं पटवलं होतं. पण बहात्तर सालच्या वैशाखात त्यांच्या मुलीचं, जयाचं लग्न निघालं आणि मास्तरांचे पाय काही जमिनीवर ठरेनात. धाकटा साळा वसंत लंडनहून विमानानं लग्नाला येणार होता ना!

आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. हा मान थोरल्या मामाचा, म्हणजे मौद्याच्या चंपतरावांचा. पण मास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं, सुटातला वसंतच उभा राहील. व्याह्यांवर छाप पडायला हवी होती. चंपतरावांना म्हणाले, "तुम्ही आपले सैपाकाकडे पाहा." ते ऐकून मास्तरांच्या बायको सुभद्राबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. माहेरचा मान नवऱ्यानंच काढून घेतला, तर बाईनं बोलावं कुणाजवळ?

वसंतच्या प्रवासाचा हिशेब मास्तर भेटेल त्याला ऐकवायचे. "रात्री लंडनहून निघते, दहा तासात मुंबई. तिथून सकाळचं विमान, दुपारी सोनेगाव. गोरज मुहूर्ताले मामा हजर!" ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

लग्नाच्या दुपारी मास्तर भाड्याची मोटर आणि गुलाबाचा हार घेऊन सोनेगावच्या विमानतळावर गेले. विमान आलं, माणसं उतरली, वसंत काही उतरला नाही. हार तसाच घेऊन ते परतले, तेवढ्यात शेजारच्या वकिलांकडे वसंतचा ट्रंककॉल आला. तो नुकताच मुंबईत उतरला होता. नागपूरचं विमान आता दुसऱ्या दिवशी.

"काहून उशीर केला? दहाच तास लागतात!" मास्तर फोनवर असे ओरडले की मांडवातल्या वऱ्हाडानं माना वळवल्या.

नवरदेवाचा मित्र रवींद्र मास्तरांचाच विद्यार्थी. तो भाबडेपणानं म्हणाला, "सर, लंडनची घड्याळं आपल्या मागं राहतात ना? ते चार-साडेचार तास धरायचेच राहिले. तुम्हीच तर शिकवलं होतं."

मांडव खो-खो हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? मग मास्तरांचं तोंड पाहिलं आणि माझं हसू विरलं. शरमेनं माणूस काळाठिक्कर पडला होता. त्यात व्याही म्हणाले, "मुहूर्त टळून राहिला, मास्तर. मामाले बोलवा."

मास्तर मांडवामागे गेले. मी पाठोपाठ होतो. चंपतराव घामाघूम होऊन आचाऱ्याबरोबर भाजीचं मोठं गंज चुलीवरून उतरवत होते.

"चंपतराव," मास्तर म्हणाले, "वसंत नाही येऊन राहिला..."

चंपतरावांनी गंज तिथंच टेकवलं. "काहून? इमानाले काही झालं काय? पोरगं बरं हाय ना, जवाईबुवा?"

"बरा आहे. मुंबईत उतरला," मास्तर म्हणाले. वसंत सुखरूप आहे का, हे दुपारपासून त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

चंपतरावांनी आभाळाकडे पाहून हात जोडले. मग हात धुतले, धोतराला पुसले. "चला मग. जया खोळंबली असंल."

ते पुढे निघाले आणि मास्तर मान खाली घालून मागे. आपला मान हिसकावला गेला होता हे चंपतरावांना समजलंच नव्हतं, की समजूनही त्यांनी गिळलं होतं? मास्तरांना ते विचारायचं होतं, पण विचारायला तोंड राहिलं नव्हतं.