ट्रायल रूममधला कॅमेरा

नंदुरबारला हेमकांतचं कॅमेऱ्यांचं दुकान सव्वीस वर्षांचं. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक पातळ झालं होतं. लोक यायचे, तासभर लेन्स हाताळायचे, सगळं विचारून घ्यायचे आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचे. वस्तू बिघडली की पुन्हा त्याच्याच दारात. तरी दुकान सोडवत नव्हतं. कोरीट गावची रुपा त्याच्याकडून लग्नाचे फोटो काढायला शिकत होती. परवा तिनं पळत्या वासराचा फोटो पहिल्यांदाच स्वच्छ टिपला, तेव्हा तिच्याआधी हेमकांतच ओरडला होता.

मंगळवारी दुपारी नवनीत आला. शाळेपासूनचा मित्र, आता मोठ्या कापड दुकानाचा मालक. त्यानं खिशातून बटणाएवढा कॅमेरा काढला.

"हाऊ रेकॉर्डिंगच करत नही, भो. ऑनलाइन मांगाडेल व्हता. जरा देख ना."

"कोठे लायेल व्हता?"

"दुकानमा. चोऱ्या व्हतस."

हेमकांतनं आतलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नवं काही नव्हतं, पण जुन्या फाइली होत्या. त्यानं एक उघडली. भिंतीवर आरसा, बाजूला खुंटी. एका बाईच्या हातानं खुंटीला ओढणी अडकवली आणि ती कपडे बदलायला वळली.

त्यानं झटकन फाइल बंद केली. चेहरा पाहिला नाही, पाहायचाही नव्हता. मॉनिटरही बंद केला.

"ट्रायल रूम शे ही?"

"मंग? बाया तठेच साड्या लपाडतस," नवनीत म्हणाला. मग काउंटरवर रेलून हलक्या आवाजात हसला. "तू बी देखी ले. कोन सांगाले जास?"

त्या हसण्यानं हेमकांतला जास्त किळस आली. ह्या माणसासोबत दहा वर्षं एका डब्यात जेवलो, हेच त्याला खरं वाटेना. काउंटरच्या काचेवर नवनीतच्या घामट कोपराचा डाग उमटला होता. तोसुद्धा त्याला बघवेना.

"कार्ड दे," नवनीतचा हात पुढे आला.

"नही देत."

"येडा व्हयना का? मार्केटना सगळा फोटोना काम तुले कोन देस?"

"तू बाहेर निंघ. निंघ म्हनस ना!"

नवनीत शिव्या देत गेला. हेमकांतनं कार्ड आणि कॅमेरा पाकिटात घातला, शटर ओढलं आणि सरळ पोलीस ठाणं गाठलं. महिला फौजदारानं विचारलं, "तुम्ही किती पाहिलं?"

"चार सेकंद. लगेच बंद केलं."

संध्याकाळी छापा पडला. आरशांमागे आणखी दोन कॅमेरे निघाले आणि नवनीतला उचलून नेलं. हेमकांतनं घरी सांगितलं, तर बायको कौसाबाई ताट वाढता वाढता थांबली. "एप्रिलमा मी जायेल व्हतू तठे," एवढंच बोलून ती आत गेली. दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तीन दुकानदार आले. आपसात मिटवायचं सोडून मार्केटची अब्रू घालवली, म्हणाले. दिवाळीच्या कार्यक्रमाचे फोटो आता दुसरा काढेल, हेही जाता जाता ऐकवलं. बायकांबद्दल तिघांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही. आपण ह्यांना वर्षानुवर्षं शेठ म्हणत आलो, ह्याचाच हेमकांतला वीट आला.

ते गेल्यावर एक बाई पायरीशी घुटमळताना दिसली. त्यानं आत बोलावलं. गुलाबबाई नाव, एका शाळेत शिपाई होती. तिनं मान वर केली नाही.

"भाऊ, मी बी गयती त्या दुकानमा. माले देखं का तुम्ही?"

"नही, बहीन. मी कोनलेच देखं नही. कार्ड पोलीसजोडे शे."

"मंग मी काय करू? घरमा कसं सांगू?"

त्यानं फौजदारबाईंचं नाव कागदावर लिहून दिलं. तिनं तो घेतला, पण पाय काही उचलेना. हेमकांतनं दिवे बंद केले.

"चाल, मी येस तुन्हासंगे," तो म्हणाला आणि दोघं ठाण्याच्या रस्त्याला लागली.