रजा कधीपासून?

घोडेगावच्या पेठेत धरमचंदांचं कापडाचं दुकान आहे. त्या वर्षी दिवाळी सरल्यावर तिथे येणारं गिऱ्हाईक साडीची घडी उलगडायच्या आधी एकच विचारायचं, "मॅडम अजून कामावर जातात?"

मॅडम म्हणजे धरमचंदांची सून सिद्धी. जनावरांची सरकारी डॉक्टर. तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या पलीकडे डोंगरात विखुरलेल्या वाड्यांमधली गुरं तिच्याकडे होती. आठवा महिना सरत आला होता आणि सिद्धी रोज सकाळी गमबूट चढवून जीपमध्ये बसत होती. बूट मात्र आता तिचा नवरा पीयूष चढवून द्यायचा, कारण तिला स्वतःची पावलं दिसायची बंद झाली होती.

रजा कधीपासून, या प्रश्नाला घरात जितकी माणसं तितकी उत्तरं होती. सासूबाईंचं, म्हणजे धापूबाईंचं म्हणणं, कालपासून. धरमचंद म्हणायचे, डॉक्टर सांगतील तेव्हापासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तब्येत उत्तम आहे, झेपेल तोवर करा, पण मारक्या जनावरांपासून लांब राहा. यातलं 'पण'च्या पुढचं सिद्धीने घरी सांगितलंच नव्हतं. पीयूष "तू म्हणशील तसं" म्हणायचा आणि दुकान उघडायला सटकायचा.

सिद्धीचं गणित सोपं होतं. रजा सहा महिन्यांची. बाळ यायच्या आधी जेवढी खर्ची पडेल तेवढी नंतर कमी. मग ती नुसतं पाय लांब करून बसण्यात का घालवायची? शिवाय लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी अजून दोन वाड्यांत व्हायची होती. शेजारच्या जुन्नर तालुक्यातला डॉक्टर मोहित, मूळचा निमगाव सावाचा, तिच्याच कॉलेजातला. त्याला फोन केला असता तर तो आला असता. पण फोन करायचा म्हणजे आपल्याला जमत नाही असं कबूल करायचं. डोंगरात ती पहिल्यांदा गेली तेव्हा लोकांनी जीपमध्ये तिच्या मागे डोकावून "डॉक्टर कुठंयत?" असं विचारलं होतं. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

"मम्मी, डोंगरातल्या बाया बघा," ती सासूला म्हणायची. "पोट घेऊन भात कापतात. कळा सुरू होईपर्यंत थांबत नाहीत. मी तर जीपने जाते."

"बिंदणी, बाळंतपण काय जीप करणार आहे?" धापूबाई सुनेला मारवाडी वळणाने म्हणायच्या आणि डब्यात आणखी एक लाडू कोंबायच्या.

त्या दिवशी सिद्धी सावळेरामला घेऊन त्या दोनपैकी वरच्या वाडीत पोचली. सावळेराम तिच्या दवाखान्यातला ड्रेसर, दांडगा गडी, आवाज मात्र मऊ. भातं कापून झाली होती, त्यामुळे गुरं मोकळी आणि माणसं उन्हाला बसलेली. लस द्यायचं काम झपाट्याने चाललं होतं. तेवढ्यात वरच्या घरातून कुशाबा धापा टाकत आला.

"मॅडम, गाय अडलीया. सकाळधरनं कळा देतीया, पर वासरू काय भाईर येईना."

सिद्धी निघाली. सावळेराम मागून "मॅडम, जरा दमानं" म्हणत राहिला.

गोठ्यात कुशाबाची बायको सोनीबाई गायीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. साठीला टेकलेली, काटक बाई. तिने सिद्धीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ नवऱ्याकडे वळली. "ह्या अवघडलेल्या बाईला आनलंस व्हय? दुसरं कोनी गावलं न्हाई?"

"दुसरं कोणी नाहीये," सिद्धी म्हणाली. "गरम पाणी आणि साबण द्या."

हात धुऊन तिने गाय तपासली. वासराचं नाक आणि एक पाय वाटेवर होता, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे अडकला होता. एरवी तिला घटकाभराचं काम. पण तिचा हात खांद्यापर्यंत आत जायच्या आधीच तिचं पोट गायीला टेकलं. बोटं पोचायला हवीत त्याच्या वीतभर अलीकडेच राहिली. ती तिरकी झाली, एका कुशीने उभी राहिली, चवड्यांवर उभी राहिली. बाळाने आतून जोरदार लाथ मारली. पुढच्याच क्षणी गायीनेही मारली, आणि ती लाथ तिला बसलीच असती. सावळेरामने तिला काखेत धरून पोतं उचलावं तसं मागे घेतलं म्हणून निभावलं.

सिद्धीचे कान तापले होते. भीतीने की रागाने, तिलाही सांगता आलं नसतं.

"मी बघू का?" सावळेरामने बाही वर केली. पण त्याचा पंजा म्हणजे फावडं. गाय लहानखुरी, डांगी जातीची. तो हात आत जाणं शक्य नव्हतं. सिद्धीने भोवताली पाहिलं. सोनीबाईचे हात लांबसडक आणि बारीक होते.

"सोनीबाई, तुम्ही करा. मी सांगते."

"मी? आगं बया!"

"गाय तुमची आहे. तिला तुमचा हात ओळखीचा. साबण लावा, कोपराच्या वरपर्यंत."

सोनीबाईने पदर खोचला. कुशाबाने गायीचं डोकं धरलं, सावळेरामने मागचे पाय दोरीने सांभाळले आणि सिद्धी उपड्या टाकलेल्या पाटीवर बसली.

"काय लागतंय हाताला?"

"नाक लागतंय. जिवंत हाय! बोट चोखतंय माजं!"

"छान. आता कळ थांबली की त्याला हळूच मागे ढकला."

"मागं? भाईर काढायचं की आत घालायचं?"

"आधी आत. जागा झाल्याशिवाय पाय सरळ कसा होणार?"

सोनीबाईने ढकललं, घामाघूम झाली. मग गुडघा सापडला, मग त्याखालून खूर. "खूर मुठीत घ्या, अगदी झाकून. नाहीतर पिशवीला लागेल. आता मूठ तुमच्याकडे ओढा." सोनीबाईने डोळे मिटले, दात ओठावर रोवले आणि एकदम ओरडली, "आला! सरळ झाला!"

पुढचं कळांनीच केलं. दोन्ही पाय धरून सावळेराम आणि सोनीबाई खाली ओढत गेले आणि कालवड धप्पकन गवतावर आली. सोनीबाईने तिच्या नाकातला चिकटा पुसला, छाती चोळली. कालवड शिंकली. कुशाबाला इतका आनंद झाला, की त्याने गायीचं डोकं सोडून सावळेरामलाच मिठी मारली.

हात धुऊन सोनीबाईने कोरा चहा आणला आणि सिद्धीशेजारी जमिनीवर बसली. चहा गोड होता. सिद्धी तो पीत म्हणाली, "आज तुम्ही नसता तर अवघड होतं. पण तुम्हा लोकांचं बघून मला धीर येतो बघा. तुम्ही बाया शेवटच्या दिवसापर्यंत शेतात असता."

"कोनी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात. तुमचंच ऐकलंय, भाताची आवणी करता करता कळा आल्या म्हणून."

"आल्या ना," सोनीबाई म्हणाली. "थोरल्याच्या येळची गोष्ट. कंबर लई दुखत व्हती. सासू म्हनली, एवढं खाचर उरकून घे. उरकलं. अजून लोकं म्हनत्यात, सोनी लई कनखर. कनखर कसली? मला कोनी इचारलंच न्हाई, पोरी तू कधी थांबतीस म्हनून. इचारलं असतं तर म्हैनाभर आदी थांबले असते. न्हाईतर आवनी उरकूनच थांबले असते, काय ठावं. पर माजं मी ठरवलं असतं."

तिने कप खाली ठेवला.

"तुला समदी इचारत्यात. मंग आमचं त्वांड फुडं करून उत्तर कशाला देतीस? तुजं तू सांग की."

सिद्धीला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम झाल्यामुळे चहाचा ठसका लागला आणि सोनीबाईला तिची पाठ थोपटावी लागली.

जीप घाट उतरू लागली. कित्येक महिने ती सगळ्यांना उत्तरं देत होती, पण आपल्याला कधी थांबायचंय, हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर पटकन आलं. तिला त्या दोन वाड्या पुऱ्या करायच्या होत्या. अर्धं काम टाकून ती घरी सुखाने बसली नसती. अडलेल्या गायींसमोर मात्र तिला आता उभं राहायचं नव्हतं. आणि बाळ यायच्या आधी तिला झोपायचं होतं. दुपारी, पंखा लावून, कोणतंही कारण न देता.

रस्त्याला रेंज आली तशी तिने मोहितला फोन लावला.

"अडलेल्या गायी आणि रात्री-बेरात्रीचे कॉल आजपासून तुझ्याकडे. सोमवारपासून सगळंच. चालेल?"

"चालेल म्हणजे? तू कधी विचारतेस याचीच वाट बघत होतो," मोहित म्हणाला. "मीच विचारलं असतं, पण तू चावली असतीस."

पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला सावळेराम खिडकीबाहेर बघत हसला.

दोन्ही वाड्यांतली उरलेली लस तिने खुर्चीत बसून दिली. लोकांनीच गुरं रांगेने पुढे आणली. शुक्रवारी संध्याकाळी तिने जेवताना जाहीर केलं, "सोमवारपासून रजा."

धापूबाईंनी घास खाली ठेवला. "सोमवारच का? मंगळवारी काय वाईट आहे? मंगळवारी मी मोकळी असते."

"मम्मी!" पीयूष ओरडला आणि धरमचंदांना हसता हसता उचकी लागली.

सोमवारी सिद्धीला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून निम्म्या खोलीत आलं होतं. खाली दुकानात कोणीतरी चढ्या आवाजात विचारत होतं, म्हैस चारा खाईना, मॅडम हायेत का? आणि पीयूष त्याहून चढ्या आवाजात, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं सांगत होता, "मॅडम रजेवर आहेत! डॉक्टर मोहितचा नंबर घ्या!"

सिद्धीने उशी कुशीत ओढली. म्हैस काय खाते, काय नाही, हा प्रश्न तिच्या मनात एकदा येऊन गेला. दुसऱ्यांदा यायच्या आत तिला झोप लागली.

मुलगी झाली ती तारखेच्या बरीच आधी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. धापूबाई दवाखान्यात भेटेल त्याला सांगत होत्या, की रजा अगदी वेळेवर घेतली म्हणून सगळं नीट पार पडलं. सिद्धीने खाटेवरून ते ऐकलं आणि लेकीला आणखी जवळ घेतलं. तिचे दोन्ही हात भरलेले होते.