झेंडूच्या मळ्यातली फटफटी

मी फटफटी बोलतेय. हो, हीच, मळ्यात विहिरीच्या काठावर विटांवर बसवलेली. मागचं चाक नाही म्हणून हसू नका. एके काळी तिवशाच्या रस्त्यावर माझ्या पुढे जायची कुणाची टाप नव्हती.

जन्म माझा विलायतेतला, नोकरी लष्करातली. लढाई संपल्यावर लिलावात निघाले आणि फिरत फिरत अकोल्याला भगवंतरावांच्या मोटारींच्या दुकानामागे गंजत पडले. तिथे कामाला असलेल्या देवीदासने मला मागून घेतलं आणि अमरावतीला आपल्या मळ्यात आणलं. घरात तो आणि त्याची माय माणिकबाई, दोघंच. फुलं पिकवायची आणि बाजारात विकायची.

देवीदासला एकच ध्यास, मला पळवायचं. आधी त्याने माझं वजन उतरवलं. मडगार्ड गेले, मागची सीट गेली, ब्रेकच्या ताटलीलासुद्धा भोकं पडली. हँडल खाली आलं, पाय ठेवायच्या दांड्या मागे सरकल्या, म्हणजे टाकीवर पालथं पडून वारा चुकवता येईल. इंजिनाचं डोकं घासून त्याने आतली जागा कमी केली. पेट्रोल जितकं दाबून पेटेल तितका धक्का जोराचा. शेवटी हवा गाळायची डबी काढून टाकीखाली पितळेचा उघडा कर्णा बसवला. पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला मी! काय सांगू, अंग कसं मोकळं झालं.

तापलेल्या इंजिनात साधं तेल टिकेना, म्हणून तो एरंडेल ओतायचा. माणिकबाई कपाळावर हात मारायची.

“काहून रे, गाडीले एरंडेल पाजून राहिला? जुलाब लागतीन ना तिले!”

दसऱ्याला अमरावतीहून तिवशापर्यंत शर्यत ठरली. भगवंतराव म्हणाले, “जिंकून दाखव, माह्या खर्चानं तुले मद्रासच्या शर्यतीले नेतो.” त्या दिवसापासून देवीदासला जेवण गोड लागेना.

आमच्या घरची रीत अशी की दसऱ्याला पहिला हार अवजारांना, आणि चढवलेला हार दुसऱ्या दिवसापर्यंत उतरवायचा नाही. सकाळी माणिकबाई भलामोठा हार घेऊन माझ्यापुढे उभी.

“माय, आज नोको ना वं.”

“काहून? विळ्याले हार, कुदळीले हार, अन् जिच्यावर माहं लेकरू बसते तिलेच नाही?”

त्याला तिचं मन मोडवेना. हाराचं लोंबतं टोक वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याने ते टाकीखाली खोचलं. अरे बाबा, तिथेच माझं तोंड आहे ना! तूच बसवलंयस! पण घाईत त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि मला कोण विचारतो?

शर्यतीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. तिवसा दिसायला लागलं आणि हाराचा दोरा तुटला. कर्ण्यातून पाकळ्या भसाभस आत आल्या, माझा श्वास कोंडला आणि मी रस्त्यातच गप्प झाले. देवीदासने बोट घालून पाकळ्या काढल्या, मुठीत धरल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. तेवढ्यात बाकीचे सगळे पुढे निघून गेले. त्याच्याइतकीच मीही रडले असते, डोळे असते तर.

घरी मायला तो एवढंच म्हणाला, “त्याह्यच्या गाड्या जोरात होत्या.”

मद्रास राहिलं. पुढे मळ्याला पाण्याची ओढ लागली, तेव्हा त्याने माझं चाक काढून पंपाला पट्टा जोडला आणि मला रॉकेलवर चालायची सवय लावली. आता मी जागच्या जागी धावते. दर दसऱ्याला हार येतो, आणि देवीदास तो मायच्या हातून घेऊन मागे, कर्ण्यापासून लांब बांधतो.

यंदा माणिकबाईने हार त्याच्या हाती दिलाच नाही. स्वतः वाकून मागच्या दांडीला बांधला.

“माय, तिकडं काहून?”

“पुढं बांधला तं जीव घुसमटते तिचा.” हाराची गाठ आवळत ती म्हणाली, “तुह्या सदऱ्यात पाकळ्या सापडल्या होत्या, बापू. तवाच समजलं मले.”

देवीदास खाली बसला आणि तिच्या पायांवर हात ठेवला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, “ऊठ, चालू कर तिले. दिवाळीच्या झेंडूले पानी पायजे.”

त्याने किक मारली. बाबांनो, कधी इकडून गेलात तर माझा आवाज जरूर ऐका. त्या दिवशी मी पहिल्याच किकला सुरू झाले, आणि पाणी पार शेवटच्या वाफ्यापर्यंत नेलं.