उलटं बसलेलं भिंग

आत्याच्या शिवणाच्या टेबलावरच मी तिचा जुना, खिशात मावणारा कॅमेरा खोलला. आतल्या एका भिंगावर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली होती. घरातले सगळे म्हणाले होते, "फेकून दे." फेकतेय मी!

मी भिंग काढलं. आत्यानं ते औषधात भिजवलेल्या कापसानं हळूहळू पुसलं आणि मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. काच लख्ख झाली होती! मी घाईघाईनं ते परत बसवलं, स्क्रू आवळले आणि कॅमेरा सुरू करून खिडकीकडे धरला. सगळं धुरकट!

"आत्या, भिंग ठेवलंस कसं?"

"कसं म्हणजे? सुलटी बाजू खाली. कापड असंच ठेवतात."

"अगं, ते काय कापड आहे? मी तसंच उचलून उलटं बसवलं ना!"

माझं डोकंच फिरलं. पुन्हा सगळं खोलायचं म्हणून कॅमेरा टेबलाजवळ नेला, तर त्याच्या पडद्यावर टेबलावरच्या, आत्यानं शिवलेल्या फ्रॉकची शिवण! उलट्या भिंगातून जवळचा एकेक टाका बोटाएवढा, धाग्याचा पीळसुद्धा दिसत होता.

नजर अधू झाल्यापासून आत्या नुसत्या अंदाजानं शिवत होती. तिनं कॅमेरा माझ्या हातातून हिसकावला आणि शिवणीवरून शेवटच्या टाक्यापर्यंत नेला.

"अगं बाई! सरळ आहे की गं! अजूनही सरळ शिवते मी!"

मी स्क्रूड्रायव्हर उचलला, तशी तिनं फाडकन माझ्या हातावर चापट मारली.

"खबरदार सुलटं केलंस तर!"